गॅझेटिअर आणि साक्ष

कल्पित जगांच्या संगणकखेळांतील लेखनाविषयी
(ग्रंथालयाच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी विषय कळवला तेव्हा फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग संयोजकांनी विचारलं, "म्हणजे मुलं मोबाईलवर खेळतात ते का?" मी म्हटलं, "नाही, हे वाचायचे खेळ आहेत." ते म्हणाले, "वाचायचे असतील तर चालतील." ग्रंथालयाला शोभेलसंच हे उत्तर होतं. त्याच भरवशावर मी आज इथे उभा आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानं होतात त्या ग्रंथपालांना आम्ही मुलं नुसतं 'काका' म्हणायचो. देवघेवीच्या खिडकीत बसलेले काका पुस्तकाची माहिती कधी देत नसत. लेखक कोण, गोष्ट कशाची, बोध काय, यातलं काही नाही. तारखेचा शिक्का मारता मारता एवढंच म्हणायचे, "ने. पण यातला एकजण थापा मारतो. कोण, ते परत देताना सांग." मग आठवडाभर माझ्या डोक्यात तेच. आधी राजपुत्रावर संशय, मग त्याच्या मामावर, आणि शेवटी गोष्ट सांगणाऱ्यावरच. आज मला जे म्हणायचंय ते बहुतेक सगळं काकांच्या त्या वाक्यात आलेलं आहे.

आधी हे खेळ कसले ते थोडक्यात सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ बाजारात आला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण जग सांगतो, बाकीचे त्या जगातली माणसं होतात आणि मोक्याच्या क्षणी फासे टाकतात. पुढे सांगणाऱ्याची जागा संगणकानं घेतली. पडद्यावर एक गाव दिसतं. गावात कोणी भेटतं, काही बोलतं. तुमच्यापुढे चार उत्तरं येतात, त्यातलं तुम्ही एक निवडता आणि गोष्ट त्या वाटेनं पुढे जाते. इंग्रजीत याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात.

या जगांना हजारो वर्षांचा इतिहास असतो. बुडालेली साम्राज्यं, मेलेले देव, तहमोड, घराण्यांची भांडणं, सगळं काही. खेळणारे याला 'लोअर' म्हणतात. मी त्यासाठी आपल्याकडचा एक जुना शब्द वापरणार आहे: ऐतिह्य. न्यायदर्शनात ज्ञानाच्या साधनांची चर्चा निघते तेव्हा हा शब्द येतो. परंपरेनं चालत आलेलं, पण मुळात कोणी सांगितलं ते ठाऊक नसलेलं, ते ऐतिह्य. या वडावर यक्ष राहतो म्हणतात. कोण म्हणतं? म्हणतात बुवा. नैयायिकांनी याला वेगळं प्रमाण मानायचं नाकारलं आणि शब्दप्रमाणाच्या पोटात घातलं. शब्दप्रमाण म्हणजे विश्वास ठेवण्याजोग्या माणसाचं बोलणं. तेव्हा यक्षाचा विषय निघाला की आधी सांगणाऱ्याची चौकशी करायला हवी.

खेळात ऐतिह्य आपल्यापर्यंत दोन तऱ्हांनी पोचतं. एक तऱ्हा गॅझेटिअरची. क्षेत्रफळ, नद्या, राजवंश, देवस्थानं, मुख्य पिकं. तिथे बोलणारं कोणी नसतं, त्यामुळे संशय घ्यायलाही कोणी सापडत नाही. दुसरी तऱ्हा साक्षीची. अमक्यानं, अमक्या वेळी, स्वतःच्या अमक्या कारणासाठी सांगितलेलं. माझा अनुभव असा की खेळातलं गॅझेटिअर दुसऱ्या दिवशी आठवत नाही आणि साक्ष वीस वर्षांनीही आठवते. लेखकाच्या हातगुणाचा भाग यात आहेच, पण बराचसा भाग खेळाच्या रचनेचा आहे. तो आज उलगडून पाहू.

सुरुवातीच्या काळात प्रश्न जागेचा होता. १९८८ साली आलेल्या 'पूल ऑफ रेडियन्स'चा सगळा मजकूर फ्लॉपीवर मावत नव्हता. म्हणून खोक्यात एक छापील पुस्तिका दिलेली असे, तिच्यात क्रमांक घातलेल्या नोंदी. खेळात काही महत्त्वाचं हाती लागलं की पडद्यावर सूचना येई: आता अमुक क्रमांकाची नोंद वाचा. खेळणारा कळफलक सोडून पुस्तिका उघडायचा. आता पुस्तिका हातातच असल्यावर माणूस पुढची पानं चाळणारच. त्याची सोय लेखकांनी आधीच करून ठेवली होती. त्यांनी काही नोंदी चक्क खोट्या घातल्या होत्या. दारूच्या गुत्त्यात कानावर येणाऱ्या वावड्याही त्याच पुस्तिकेत होत्या, त्यातही खरंखोटं मिसळलेलं. जागेच्या टंचाईतून निघालेली ही युक्ती, पण तिच्यामुळे वाचणारा सावध झाला. छापलंय म्हणून खरं असेलच असं नाही, हे तो पुस्तिका चाळताचाळता शिकला.

त्याच्या तीन वर्षं आधी, १९८५ साली, रिचर्ड गॅरियटचा 'अल्टिमा ४' आला होता. त्यात माणसांशी बोलायचं ते शब्द टाइप करून. 'नाव' विचारा, 'काम' विचारा. समोरच्याच्या उत्तरात एखादा शब्द असा येई की तोच पुन्हा विचारला तर तो माणूस आणखी उघडायचा. कुणाला कुठला शब्द विचारायचा हे कधी भलत्याच गावचा भलताच माणूस सांगायचा. खेळणारे शेजारी वही ठेवून बसत. ऐतिह्य त्यांच्या स्वतःच्या अक्षरात उतरत होतं, म्हणून ते त्यांचं होतं. या खेळात मारायला शेवटचा राक्षस नाही. आठ सद्गुण अंगी बाणवून नायकानं 'अवतार' व्हायचं. हा शब्द गॅरियटनं हिंदू परंपरेतून उचलला, फक्त दिशा उलटी करून. आपला अवतार वरून खाली येतो, त्याचा माणूस खालून एकेक पायरी वर चढतो.

पुढे सीडी आली आणि जागेची टंचाई संपली. हवं तेवढं लिहा. खरी पंचाईत इथून सुरू झाली.

ती नीट समजून घ्यायची तर कादंबरीकार आणि खेळाचा लेखक यांना शेजारी बसवून पाहा. कादंबरीकार दोनशेवं पान लिहितो तेव्हा वाचकानं एकशेनव्व्याण्णव पानं वाचलेली आहेत हे त्याला पक्कं माहीत असतं. खेळाच्या लेखकाला असं काहीच माहीत नसतं. तुम्ही आधी कुठल्या गावात गेलात, म्हाताऱ्याशी बोललात की त्याला मारून पुढे गेलात, पत्र वाचलंत की विकून टाकलंत, यातलं बरंच संगणक नोंदवून ठेवू शकतो. पण प्रत्येक शक्यतेसाठी वेगळं वाक्य लिहायला मनुष्यबळ लागतं. मग लेखक सुरक्षित वाट धरतो आणि प्रत्येक गावच्या प्रत्येक माणसाच्या तोंडी तीच माहिती पुन्हा घालतो. शिवाय जगाचा आराखडा बहुतेक वेळा खेळाच्या आधी तयार होतो. देवांची कोष्टकं, नकाशे, वंशावळी. दोन वर्षं खपून केलेलं हे काम लेखकाला वाया घालवायचं नसतं. आपणही पाहुण्याला जेवायच्या आधी सगळं घर दाखवतोच.

आणखी एक अडचण आहे, ती जास्त गमतीची. ज्याची भूमिका तुम्ही करता तो माणूस त्या जगात जन्मला, वाढला. त्याला राजाचं नाव माहीत असायला हवं. ते तुम्हाला मात्र माहीत नसतं. मग आपला चाळीस वर्षांचा शूर योद्धा भाजीवालीला विचारतो, "या राज्यात राज्य कोण करतं?" आणि ती न हसता उत्तर देते. या खेळांच्या नायकांना इतक्या वेळा स्मृतिभ्रंश का झालेला असतो, कधी ते परक्या मुलखातून कैदी म्हणून का आलेले असतात, याचं उत्तर यात आहे. नायकाचं अज्ञान आणि खेळणाऱ्याचं अज्ञान एका पातळीवर आणायची ती सोय आहे.

याच सोयीचं ज्यानं सोनं केलं त्या खेळाकडे आता वळतो. 'प्लेनस्केप: टॉर्मेंट', १९९९. ब्लॅक आयल स्टुडिओजचा खेळ, मुख्य रचनाकार ख्रिस अव्हेलोन. चार सीडी आणि सुमारे आठ लाख शब्द असा त्याचा बोलबाला. नायक शवागारातल्या फळीवर जागा होतो. त्याला नाव नाही, आठवण नाही, आणि मरण त्याच्यावर टिकत नाही. मेला की पुन्हा उठतो. त्याच्याशी पहिल्यांदा बोलते ती हवेत तरंगणारी एक कवटी, मॉर्ट. भयंकर वाचाळ आणि विनोदी. नायकाच्या पाठीवर काही गोंदलेलं आहे. आपलीच पाठ आपल्याला कशी दिसणार? म्हणून मॉर्ट ते वाचून दाखवतो. वही शोध, फॅरॉड नावाच्या माणसाला गाठ, आपण कोण ते कुणाला सांगू नकोस, अशा सूचना. त्या याच माणसानं आधीच्या कुठल्यातरी जन्मात स्वतःसाठी गोंदवून घेतलेल्या. आपण त्या खऱ्या धरून निघतो. कितीतरी पुढे गेल्यावर कळतं की मॉर्टनं शेवटची ओळ वाचलीच नव्हती. त्या ओळीत या कवटीवर विश्वास ठेवू नकोस असं बजावलेलं होतं.

काय घडलं पाहा. खेळाच्या पहिल्या पाच मिनिटांत लेखकाला जी माहिती द्यायचीच होती ती त्यानं दिली. पण ती एकाच्या पाठीवर लिहिली आणि दुसऱ्याच्या तोंडून वाचवली, आणि तो दुसरा स्वतःपुरतं वगळून वाचत होता. हीच माहिती खेळाच्या सुरुवातीला पडद्यावर सरकत्या अक्षरांत आली असती तर आपण ती विसरलो असतो. इथे मात्र ते कळल्यावर मी मागे गेलो आणि मॉर्टनं सांगितलेली प्रत्येक गोष्ट नव्यानं तपासली. राग आला, आणि तरीही तो आवडत राहिला.

याच खेळातली दुसरी जागा मला त्याहून मोठी वाटते. डॅकॉन नावाचा एक वृद्ध तलवारबहाद्दर तुमच्याबरोबर असतो. त्याचे पूर्वज कधीकाळी गुलाम होते. झर्थिमॉन हा त्यांच्या मुक्तीच्या कथेतला महापुरुष. डॅकॉनकडे दगडाची एक चकती आहे, एकात एक अडकलेल्या कड्यांची. कडी विशिष्ट पद्धतीनं फिरवली की त्या धर्मकथेचा एक भाग उघडतो. हे शुद्ध ऐतिह्य आहे, आणि बराच वेळ वाचावं लागतं. पण वाचून सुटका नाही. डॅकॉन विचारतो, तुला यातून काय कळलं? उत्तर पोकळ असेल तर तो पुढचं कडं उघडायला शिकवत नाही. नीट समजलं तर शिकवतो, आणि पुढे एक वेळ अशी येते की त्याच्याच श्रद्धेला पडलेली भेग त्याच्यापेक्षा तुम्हाला आधी दिसू लागते. त्यानंतर कळतं की ही चकती त्याला तुम्हीच दिली होती, एका मागच्या जन्मात. तो श्रद्धेच्या संकटात बुडत होता आणि तुम्हाला त्याची तलवार हवी होती. धर्मग्रंथ दिला तो हिशेब करून.

आठ लाख शब्दांचं कौतुक मला फारसं वाटत नाही. शब्दसंख्या हे खेळाच्या जाहिरातीतलं माप आहे. २०१७ साली याच खेळाचा मानसपुत्र म्हणून आलेल्या 'टॉर्मेंट: टाइड्स ऑफ न्यूमेनेरा'त दहा लाखांहून जास्त शब्द होते. त्यातल्या रस्त्यावरचा जो भेटेल तो विलक्षण, आणि प्रत्येकाची कहाणी लांब. तिसऱ्या तासाला माझं कुतूहल दमलं. कोणाची कहाणी ऐकून मी काय करायचं होतं, हेच मला कळेना. डॅकॉनच्या चकतीपुढे मी तासभर बसलो, कारण पुढे मला उत्तर द्यायचं होतं.

इथे माझ्या स्वतःच्या वाचनाची एक गोष्ट सांगतो. मी मराठी माध्यमाचा. हा खेळ मी २००१ साली, मित्राच्या खोलीतल्या संगणकावर, मांडीवर शब्दकोश घेऊन खेळलो. त्यातलं शहर आहे सिगिल, आणि सिगिलची माणसं एक विचित्र बोली बोलतात. ती जुन्या लंडनच्या चोरांच्या बोलीवरून रचलेली आहे. मूर्खाला 'बर्क', धाडशी माणसाला 'कटर', बातमीला 'चांट', गुपिताला 'डार्क'. माझ्या शब्दकोशात कटर म्हणजे कापणारा आणि डार्क म्हणजे काळोख. पहिले दोन दिवस मला वाटे की हे शहर शिंप्यांचं आणि आंधळ्यांचं आहे. तिसऱ्या दिवशी एकानं मला बर्क म्हटलं आणि कोश न उघडता समजलं. शिवी कळायला कोश लागत नाही.

म्हणून कल्पित शब्द फार झाले की वाचक पळतो, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. शब्द कुणाच्या तरी तोंडात, कुणाला तरी उद्देशून असेल तर तो रुजतो. यादीत असेल तर रुजत नाही. पुढे 'डार्क सोल्स'चे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांच्या बालपणाविषयी वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. लहानपणी घरात पुस्तकं विकत घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून ते ग्रंथालयातून आणून वाचत. त्यातली काही त्यांच्या आवाक्याबाहेरची असत. जे समजायचं नाही ते ते चित्रं पाहून मनानं भरून काढत. २०११ सालच्या 'डार्क सोल्स'मध्ये जगाचा इतिहास कोणी सलग सांगत नाही. एखाद्या अंगठीखाली दोन ओळी, एखाद्या गंजलेल्या तलवारीखाली तीन. बाकीचं आपण जोडायचं. अर्धवट कळण्यातून वाचक घडतो, हे तिथल्या मुलाला आणि इथल्या मुलाला वेगवेगळ्या ग्रंथालयांत कळलं.

आता गॅझेटिअरची बाजू. ती मांडली नाही तर हे व्याख्यान एकतर्फी होईल.

२०१२ साली अमेरिकेतल्या ऑब्सिडियन या कंपनीनं जुन्या धाटणीचा खेळ करण्यासाठी लोकांकडून वर्गणी मागितली. जवळजवळ चाळीस लाख डॉलर जमले. २०१५ साली 'पिलर्स ऑफ इटर्निटी' आला. यातला नायक दुसऱ्याच्या आत्म्यात डोकावून त्याच्या मागच्या जन्माची आठवण पाहू शकतो. साक्ष काढायला याहून चांगलं साधन कुठलं? पण ज्यांनी मोठी वर्गणी दिली त्यांच्यासाठी खेळात जागोजाग सोनेरी नावांची माणसं उभी केलेली होती. त्यांच्या आत्म्यात डोकावलं की एक छोटी कहाणी वाचायला मिळे. मूळ गोष्टीशी तिचा संबंध नाही, त्या माणसाशी पुढे बोलता येत नाही. नवा खेळणारा पहिल्या गावात अशा दहा कहाण्या प्रामाणिकपणे वाचतो, आणि अकराव्या माणसाशी, जो खरंच महत्त्वाचा असतो, बोलायच्या वेळी त्याचे डोळे थकलेले असतात. देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं कोरलेली असतात, तसला हा प्रकार. फरक इतकाच की पायऱ्यांवरची नावं वाचल्याशिवाय दर्शन घेता येतं.

त्याच खेळात ड्युरन्स आहे. तो अग्नी आणि युद्धाच्या देवीचा पुजारी, कडवट, अश्लील बोलणारा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका देवानं माणसाच्या देहात येऊन स्वारी केली आणि त्याला एका महास्फोटकानं उडवलं, हा या जगाच्या इतिहासातला मोठा प्रसंग. तो तुम्हाला तुकड्यातुकड्यानं ड्युरन्सकडून कळतो, आणि ते स्फोटक ज्या बाराजणांनी घडवलं त्यांच्यातला तो एक आहे. अभिमान आणि अपराध त्याच्या बोलण्यात वेगळे काढता येत नाहीत. एकाच खेळात, एकाच इतिहासाबद्दल, सोनेरी नावं आणि ड्युरन्स शेजारी ठेवून पाहिले की मला काय म्हणायचंय ते दिसेल.

पण गॅझेटिअरच्या बाजूनं बोलायला उत्तम साक्षीदार 'मॉरोविंड' आहे. बेथेस्डाचा २००२ सालचा खेळ. त्यात शेकडो पुस्तकं आहेत, खरोखर उघडून वाचता येणारी: इतिहास, प्रवासवर्णनं, पुराणं, पाककृतीसुद्धा. वाटलं तर वाचा, नाहीतर फळीवर राहू द्या. मग ही पुस्तकं का आवडली लोकांना?

कारण ती एकमेकांशी भांडतात. नेरेवार नावाचा एक सेनापती कित्येक शतकांपूर्वी रेड माउंटनच्या लढाईच्या सुमारास मेला. मंदिराचे ग्रंथ सांगतात, तो जखमांनी गेला. माळावरच्या भटक्या टोळ्या सांगतात, त्याच्याच सल्लागारांनी विश्वासघात करून त्याला मारलं, आणि तेच सल्लागार पुढे देव होऊन बसले. त्यातला एक देव, विवेक, तुम्हाला समोरासमोर भेटतो आणि स्वतःची बाजू मांडतो. तुम्ही कोण? बहुधा त्याच नेरेवारचा पुनर्जन्म. म्हणजे तुमच्याच खुनाची चौकशी, आरोपी देव, आणि पुरावा म्हणजे ग्रंथालय. निकाल खेळ कधीच देत नाही.

बखरी वाचणाऱ्यांना हे परकं वाटू नये. सभासदानं १६९७ साली जिंजीला बखर लिहिली ती राजाराम महाराजांनी सांगितलं म्हणून. कोणी कोणाला, कुठल्या संकटाच्या दिवसांत सांगितलं, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी लागते. 'मॉरोविंड'च्या लेखकांनी खोटा इतिहास रचताना खऱ्या इतिहासाची ही खोड उचलली. त्यांची पुस्तकं वरून गॅझेटिअरसारखी दिसतात, पण आतून प्रत्येक पान कोणाची ना कोणाची जबानी आहे.

'डिस्को एलिसियम'नं तर याच्याही पुढची गंमत केली. २०१९ सालचा, एस्टोनियातल्या लेखकांनी रचलेला हा खेळ. त्यांच्यातल्या रॉबर्ट कुर्वित्झनं त्याआधी २०१३ साली याच जगावर एस्टोनियन भाषेत कादंबरी लिहिली होती. इथला नायक पोलीस अधिकारी. इतकी प्यायलेला की शुद्धीवर येतो तेव्हा त्याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. इथेही स्मृतिभ्रंश, पण त्याची इथे लाज वाटते. तो एका प्रौढ, सुसंस्कृत बाईला जग म्हणजे काय असतं ते विचारतो आणि ती दयेनं सांगते. ती एका बड्या कंपनीची वाटाघाटी करणारी आहे, हे आपण विसरून चालत नाही. त्याच्या डोक्यात चोवीस स्वभाववृत्ती आपापसात बोलत असतात. त्यातल्या एकीचं नाव एनसायक्लोपीडिया. मधेच तोंड घालून ती नको ती माहिती देते, बहुतेक वेळा पूर्ण निरुपयोगी. लग्नघरात एक मामा असतात ना, कुठल्याही विषयावर सन सांगणारे, ते इथे नायकाच्या कवटीत राहायला आलेत. गॅझेटिअरलाच पात्र केलं, त्यामुळे आपण त्याला हसतो, वैतागतो, आणि कधीतरी ते अचानक उपयोगी पडतं तेव्हा चकित होतो.

त्या शहरात पन्नासएक वर्षांपूर्वी क्रांती झाली आणि चिरडली गेली. ती कोण सांगतं? चौकात लोखंडी गोळे फेकण्याचा खेळ खेळत बसलेले दोन म्हातारे. एक, रेने, जुन्या राजाच्या सैन्यातला. अजून तोच गणवेश घालून फिरतो. दुसरा, गॅस्टन, सुखानं सँडविच खाणारा. दोघांचं प्रेम एकाच बाईवर होतं. क्रांतीविषयीचं त्यांचं प्रत्येक वाक्य त्या जुन्या दुखण्यातून गाळून येतं. मला त्या क्रांतीचा सनावळीचा तपशील आज सांगता येणार नाही, पण रेनेच्या गणवेशाची ताठ कॉलर मी विसरलेलो नाही.

परदेशातलं शेवटचं उदाहरण. बेल्जियमच्या लारियन स्टुडिओजचा 'बाल्डर्स गेट ३', २०२३. त्यात प्रेताशी बोलायचा एक मंत्र आहे. प्रेत उठतं, पण पाचच प्रश्न विचारायचे. ते जिवंतपणी जेवढं जाणत होतं तेवढंच सांगणार. आणि त्याला तुम्हीच मारलं असेल तर तुमचा चेहरा पाहून ते बोलणारच नाही. मग वेष पालटून या.

ही पाच प्रश्नांची मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. लेखकानं प्रेताच्या तोंडी पाच परिच्छेद घातले असते तर ते आपण ओलांडून गेलो असतो. पाचच प्रश्न मिळाल्यावर आपण कळफलकावरचा हात थांबवून विचार करतो. आधी काय विचारू? याला खरंच काय माहीत असेल? याला कोणी मारलं असेल? प्रश्न तयार करण्यातच अर्धी गोष्ट घडते. गॅरियटच्या खेळणाऱ्यांच्या वह्या इतक्या वर्षांनी इथे परत आल्या आहेत, फक्त प्रेताच्या रूपानं.

आपल्याकडे काय? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० साली आला. तो भूमिकेचा खेळ नव्हे, मारामारीचा आणि उड्यांचा आहे, पण ऐतिह्य पोचवायची त्याची रीत मला दखल घेण्याजोगी वाटली. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू, एकमेकांशी बोलताबोलता. एका मुलीची धडपड पाहत तिच्याबद्दल मत बनवत. वाटेतल्या भिंतींवर कथा रंगवलेल्या आहेत, तिथे थांबलं तर ऐकू येतात. देव निवेदक आहेत, पण तेही प्रेक्षक आहेत. आपल्या भाषेत असा मोठा खेळ लिहिला जाईल तेव्हा कच्च्या मालाची वाण पडणार नाही. भीती वेगळी आहे. आपली पुराणं सगळ्यांना ठाऊक आहेत या समजुतीनं लेखक ती नुसती मांडून मोकळा होईल. महाभारत मात्र तसं मांडलेलं नाही. जनमेजयानं विचारलं म्हणून वैशंपायन सांगतात, शौनकानं विचारलं म्हणून सौती सांगतो, धृतराष्ट्रानं विचारलं म्हणून संजय. आणि धृतराष्ट्राच्या विचारण्यात त्याची काळजी कुठल्या बाजूची आहे ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

खेळांचं लेखन कसं जोखावं, असं तरुण मित्र मला विचारतात. सुंदर वाक्यं किती, हा माझा पहिला प्रश्न नसतो. मी तीन गोष्टी पाहतो. हे कोण सांगतंय? त्याला यातून काय हवंय? आणि हे कळल्यावर मी आधी केली नसती अशी कुठली गोष्ट करणार आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिल्या दोन प्रश्नांची चांगली उत्तरंही सजावट होऊन राहतात. कादंबरीत वाचक न्यायाधीश असतो, पण निकाल त्याच्या मनातच राहतो. इथे निकालाची अंमलबजावणीही त्यालाच करावी लागते. डॅकॉनला काय उत्तर द्यायचं, मॉर्टला सोबत ठेवायचं की नाही, रेनेला त्याच्या त्या बाईबद्दल विचारायचं की गप्प बसायचं.

काकांच्या खिडकीकडे परत येतो. एकदा मी पुस्तक परत देताना म्हटलं, "यात कोणीच थापा मारत नाही." काकांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच पुस्तकावर नव्या तारखेचा शिक्का मारला आणि ते पुन्हा माझ्या हातात दिलं. दुसऱ्या वेळी वाचताना मला त्यातली आई सापडली. मुलाला ती सांगते की मी जेवले, आणि ती जेवलेली नसते. काकांना सांगितलं तर मान डोलावून म्हणाले, "हां. पुढचं कुठलं नेतोस?"

काका गेल्यानंतर त्यांच्या घरी आम्ही वर्गातले चारपाच जण जमलो होतो. बोलताबोलता निघालं की ते वाक्य ते प्रत्येकाला म्हणत, आणि प्रत्येक पुस्तकाबद्दल म्हणत. भूगोलाच्या पुस्तकाबद्दलसुद्धा. आमच्यातला एकजण आज भूगोल शिकवतो. तो म्हणाला, "मला दीड महिना लागला होता. नकाशात सापडलं."